कोरिंथ (स्थलनाम)

कोरिंथ : ग्रीसची मुख्य भूमी आणि पेलोपनीस हे दक्षिणेकडील द्वीपकल्प यांना जोडणाऱ्या संयोगभूमीलगतच्या प्राचीन नगराचे नाव. त्याचे ग्रीक रूप ‘कोरिंथोस’ असे असून ते ग्रीक भाषेहून जुने आहे, असे भाषाभ्यासक सामान्यतः मानतात.

या मताचा आधार नावाच्या अखेरीस येणारा ‘-इंथोस’ हा प्रत्यय होय. झाकिंथोस, ओलिंथोस या स्थलनामांत तो आढळतो. शिवाय प्लिंथोस (वीट), असामिंथोस (स्नानाचे टाके), एरेबिंथोस (हरभरा) अशा शब्दांतही तो आहे, आणि ग्रीक धातूंवरून त्याची उपपत्ती लावता येत नाही. घर बांधण्याचे व पिकांचे शब्द, गावांची नावे हे सारे नव्याने आलेले लोक बहुधा स्थानिकांकडून उचलतात, म्हणून हा पुरावा विशेष मोलाचा ठरतो. भाषाशास्त्रज्ञ पॉल क्रेचमर यांनी १८९६ मध्ये या प्रत्ययाचा संबंध आशिया मायनरमधील (आजचे तुर्कस्तान) लाब्राउंडा, अलिंडा यांसारख्या ‘-न्डा’ अंती असलेल्या नावांशी जोडला. पुढे १९२८ मध्ये हेली आणि ब्लेगन या अभ्यासकांनी अशा नावांचा प्रसार आणि आद्य ब्राँझयुगीन वसाहतींची स्थाने यांचा मेळ घातला. हा मेळ लक्षणीय असला, तरी पाणी व सुपीक जमीन असलेल्या जागी प्रत्येक काळात वस्ती होतेच आणि खापरांवरून ती वापरणाऱ्यांची भाषा कळत नाही. त्यामुळे ती मूळ भाषा लुवियनसारखी (आशिया मायनरमधील एक प्राचीन भाषा) इंडो-यूरोपीय, म्हणजे ग्रीकच्याच भाषाकुळातली, होती की सर्वस्वी वेगळ्या कुळातली, हा वाद त्याने मिटत नाही.

नावाच्या पूर्वार्धाचा सर्वमान्य अर्थ लागलेला नाही. ‘कोरे’ (कुमारी) यासारख्या ग्रीक शब्दाशी केवळ ध्वनिसाम्यावरून त्याची सांगड घातल्यास प्रत्ययाचा उलगडा होत नाही. नैर्ऋत्य पेलोपनीसमधील पायलोस येथील लिनियर बी या ब्राँझयुगीन ग्रीक लिपीतल्या मृत्तिकापट्टांवर ‘को-रि-तो’ असे नाव येते. ते मात्र पायलोसच्या राज्यातीलच दुसऱ्या एका गावाचे असावे.

ग्रीकांनी या नावाचा उगम पुराणकथेत शोधला. कोरिंथोस हा झ्यूसचा पुत्र असे नगरवासी सांगत. पण बहुतेक कोरिंथकर सोडले तर हे कोणी गांभीर्याने म्हटल्याचे ऐकिवात नाही, असे पॉसानिअस या ग्रीक प्रवासवर्णनकाराने इ.स. दुसऱ्या शतकात नोंदवले आहे. ‘एफिरा’ हे नगराचे आधीचे नाव असल्याची परंपराही त्याने दिली आहे. होमरच्या इलियड या महाकाव्यात मात्र ‘संपन्न कोरिंथ’ असा उल्लेख येतो आणि बेलेरोफोन या पुराणवीराच्या कथेत एफिराही येते.

इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी नगर उद्ध्वस्त केले, तरी इ.स.पू. ४४ मध्ये सीझरने वसवलेल्या वसाहतीच्या अधिकृत लॅटिन नावात कोरिंथचे नाव कायम राहिले. १८५८ च्या भूकंपानंतर ईशान्येस किनाऱ्यावर उभारलेल्या नव्या शहरानेही तेच नाव घेतले आणि जुनी वस्ती ‘प्राचीन कोरिंथ’ या नावाने ओळखली जाऊ लागली.