तर्री वर का तरंगते?

'तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते पाण्यात मिसळत नाही' असं नेहमी फिरत असतं. नागपुरात सावजी रश्श्यावरची तर्री बघून ते पटतंही. पण हलकेपणामुळे तेल फक्त वर येतं. न मिसळण्याचं कारण वेगळं आहे.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. एक बाजू किंचित ऋण, दुसरी धन होते आणि हे रेणू एकमेकांना घट्ट धरतात. तेलाच्या लांब साखळ्यांत कार्बन आणि हायड्रोजनची ओढ जवळपास सारखी. पाण्याने धरावं असं तिथे फारसं काही नसतं.

पडताळून बघा, विस्तवापासून दूर. रॉकेल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्हींची घनता सुमारे ०.८, म्हणजे दोन्ही पाण्याहून हलकी. तरी अल्कोहोल पाण्यात पूर्ण मिसळतं, रॉकेल वेगळंच राहतं. मिरचीच्या लाल रंगाचा रेणूही मुख्यतः लांब हायड्रोकार्बन साखळीच, म्हणून तो तर्रीत उतरतो.