ठराव कुठल्या सभेचा? ग्रामसभा आणि मासिक सभा

"ग्रामसभेचा ठराव झालाय," असं कोणी म्हटलं की गावात पुढचा माणूस गप्प बसतो. आमच्या वाडीच्या पाण्याच्या टाकीची जागा बदलली तेव्हा मीही गप्प बसलो होतो. महिन्याभराने ठरावाची नक्कल हातात आली. वर लिहिलं होतं 'मासिक सभा'. सूचक एक सदस्य, अनुमोदक दुसरे, हजर सात. वाडीतल्या कुणाला विचारलंच नव्हतं.

घोळ होतो तो सहज. दोन्ही सभांना अध्यक्ष बहुधा सरपंचच, इतिवृत्त लिहिणारे तेच ग्रामसेवक. पण मासिक सभा निवडून आलेल्या सदस्यांची. दिवाबत्ती, गटारं, आलेली बिलं, वसुली असा रोजचा कारभार तिथे चालतो, आणि तो तिथेच चालायला हवा. नळाच्या व्हॉल्व्हचा वायसर बदलायला अख्खा गाव गोळा करायची गरज नाही.

ग्रामसभेत मात्र मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण सदस्य असतो. निवडून यावं लागत नाही. 1993 साली लागू झालेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेतच जागा दिली. आपल्या राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा बहुतेकांना पाठ असतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी. गावाचा विकास आराखडा, घरकुलाच्या लाभार्थ्यांची निवड हे विषय ग्रामसभेपुढे यायलाच हवेत.

खरी गोम कोरममध्ये आहे. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा भरला की ग्रामसभा चालते. नाही भरला तर तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. म्हणजे आपण झेंडावंदन करून, जिलेबी घेऊन घरी गेलो की पुढच्या वेळी वीस माणसं गावाच्या नावाने ठराव करू शकतात, तेही कायदेशीर. सह्यांचं रजिस्टर दुसऱ्या दिवशी दारोदार फिरताना मी पाहिलंय. मधल्या ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या. अशी सही कृपा करून देऊ नका.

याच्या अगदी उलट चित्र गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं. तिथे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढे चालू राहते. या छोट्या गोंड गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळवला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे पास देण्याचा अधिकार आपल्या ग्रामसभेकडे आणला. हे काम पाच-सात सदस्यांच्या मासिक सभेला जमलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

आम्ही यंदा एवढंच केलं. टाकीचा विषय अजेंड्यावर घ्यावा म्हणून आधीच लेखी अर्ज दिला, पोच घेतली. बायकांनी महिला सभेत तोच विषय मांडला. 15 ऑगस्टला वाडीतून माणसं टेम्पोने गेली, कोरम भरला. इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय कोणी उठलं नाही. दोन्ही जागांची पाहणी करायचं ठरलंय, आणि या ठरावाच्या नकलेवर 'ग्रामसभा' असं लिहिलेलं आहे.