पाणकर गेला आणि तलाव बेवारस झाला

आमच्या भंडारा-गोंदियाकडे मामा तलाव म्हटलं की बाहेरचा माणूस हमखास विचारतो, कोणाचा मामा? अहो, माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या, सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातले, त्यातला मा आणि मा. सरकारी कागदावरचा शॉर्टफॉर्म तोंडात बसला, बस. आता गावातली पोरं, बचत गटाच्या बाया स्वतःहून तलाव राखतात, पाळीवरची झाडं सांभाळतात अशा बातम्या येतात, कौतुक होतं, व्हायलाच पाहिजे. पण हे काम नवीन नाही, पूर्वी याच कामाला गावात ठरलेला माणूस असायचा, पाणकर.

तलाव तर गोंडराजांच्या काळापासूनचे. चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, गोंडराजाने म्हणे सांगून टाकलं होतं की जो जंगल तोडून गाव वसवेल आणि तलाव बांधेल त्याला जमीन. कोहळी लोकांचा यात हातखंडा, नवेगावबांधचा तो एवढा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांचा म्हणून ओळखतात. पूर्व विदर्भात असे जवळपास 7 हजार तलाव आहेत, बोड्या, म्हणजे छोटी तळी, वेगळ्याच.

तलावातून पाणी सोडायला तुडुम असतो, म्हणजे पाळीच्या आतल्या बाजूला एकाखाली एक भोकं, पाणी जसं उतरेल तसं खालचं बुच काढायचं. हे कधी काढायचं, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी पाणी जाणार हे बघायचा पाणकर. रात्री-बेरात्री पाऊस लागला की खांद्यावर पावडा घेऊन पाळीवर चक्कर, खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपत असेल तर तिथल्या तिथे माती दाबायची, सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, जादा पाणी नीट जातंय का ते बघायचं. मोबदला म्हणून सुगीत धान मिळायचं. आणि मेन म्हणजे त्याचा शब्द चालायचा.

1951 ला मालगुजारी गेली. चांगलंच झालं, मालगुजारांचं गुणगान करायची मला काही हौस नाही, वेठबिगार काय होती ते आमच्या म्हाताऱ्यांना विचारा. पण तलाव सरकारजमा झाले आणि पाणकर कोणाचा हा प्रश्न तसाच राहिला. आधी पाणी निस्तार हक्काचं, म्हणजे गावाच्या जुन्या वापराच्या हक्काचं, फुकट, मग पाणीपट्टी आली, शेतकरी म्हणाले आमच्या आज्याने खोदलेल्या तलावाचे पैसे कशाला, भांडणं कोर्टापर्यंत गेली. पुढे महाराष्ट्र झाला, 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव झेडपीकडे गेले, आता ऑफिस तालुक्याला आणि पाळ फुटते गावात, रात्री दोनला. गाळ साचला, काठावर बेशरमाची झुडपं माजली, ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या, ओळखीची गावठी मासोळी कमी होत गेली.

मग गावं स्वतः पुढे कधी आली? आमच्या झाडीपट्टीत पहिलं नाव गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं घ्यावं लागतं. 1980 च्या दशकातच त्यांनी ग्रामसभेत ठरवून जंगल राखायला सुरुवात केली, बाहेरचा असो की गावचा, विचारल्याशिवाय तोड नाही. नंतर 2006 चा वनहक्क कायदा आला, त्यात झाडांसोबत पाणी आणि मासोळीवरचा सामूहिक हक्कही धरलाय, हे पुष्कळांना माहीतच नसतं. मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. पण मामा तलाव बहुतेक गावाजवळ, वनजमिनीच्या बाहेर, त्यामुळे तिथे राखणाऱ्याच्या हातात कागद काहीच नाही, नुसती हौस.

त्यात 2017 पासून गाळमुक्त धरण योजना. गाळ काढणं बरोबरच आहे, पण जेसीबीवाला सरळ खड्डा मारतो, काठाचा उथळ उतार जातो आणि मासोळी अंडी घालते ती तिथेच, देवधान, म्हणजे रानटी भात, उगवतं ते तिथेच. पाळीवरच्या झाडांचंही तेच, इंजिनिअर म्हणतो मुळं कुजली की पोकळी होऊन पाळ फुटेल, गाव म्हणतं ही जांभळं-मोह आज्याच्या वेळचे, यांनीच माती धरलीय. मला दोघांचंही पटतं, म्हणून वाळलेलं झाड कोणतं आणि जितं कोणतं हे फिरून बघणारा माणूस लागतो.

सध्या हे जास्त करून ढिवर बाया करतात, गोंदिया-भंडाऱ्यात बऱ्याच तलावांवर. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट उपटायचं, काठ नांगरायचा, पाऊस लागला की दुसऱ्या तलावातून आणलेल्या पाणवनस्पती लावायच्या. उपटलेलं बेशरम चिखलात टाकून चालत नाही, काडी पडली तिथेच फुटते, म्हणून भारे बांधून डोक्यावर लांब नेऊन वाळवावं लागतं, मे महिन्याच्या उन्हात.