स्काऊटमास्तर: नेमलेला आणि आपणहून आलेला

जून महिन्यात शाळा उघडल्या की मुख्याध्यापकांच्या टेबलावर कामवाटपाचा तक्ता तयार होतो. परीक्षा एकाकडे, पोषण आहाराच्या नोंदी दुसऱ्याकडे, सहल तिसऱ्याकडे. त्यातच एक रकाना ‘स्काऊट-गाईड’ असा असतो आणि तो बहुधा क्रीडाशिक्षकाच्या किंवा नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकाच्या नावापुढे भरला जातो. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांना खाकी गणवेशातला स्काऊटमास्तर किंवा गाईड कॅप्टन भेटतात ते अशा वाटपातून. जगभर मात्र हे काम शंभरहून अधिक वर्षं लोक पगाराशिवाय, आपला शनिवार-रविवार देऊन करत आले आहेत. स्काऊटिंगमधला हा मोठा माणूस आला कुठून आणि आपल्याकडे तो शाळेच्या हजेरीपटावरच का सापडतो, हे समजायचं तर थोडं मागं जावं लागतं.

रॉबर्ट बेडन-पॉवेल हे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी. १८९९-१९०० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगला २१७ दिवस वेढा पडला होता, तेव्हा तिथल्या मुलांचं एक दल निरोप पोचवणं, टेहळणी करणं अशी कामं करत होतं. त्या दलाचा म्होरक्या वॉर्नर गुडइयर हा स्वतः मुलगाच होता. मुलांवर खरी जबाबदारी टाकली तर ती पेलतात, ही गोष्ट बेडन-पॉवेल यांच्या मनात तिथं पक्की झाली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर आठवडाभराचं शिबिर घेतलं. वीस-बावीस मुलं होती. काही उच्चभ्रू निवासी शाळांतली, काही पूल आणि बोर्नमथ इथल्या कामकरी घरांतली. लांडगा, बैल, कावळा आणि कुरव पक्षी अशा चार संघांत ती एकत्र मिसळली होती. प्रत्येक संघाचा नायक मुलांतलाच, आणि मोठी माणसं मोजकी, हाकेच्या अंतरावर. संघनायकाला मान द्यायचा आणि मोठ्यानं मागं राहायचं, ही रचना त्या आठवड्यात आकाराला आली. स्काऊटमास्तराचं सगळं काम पुढं याच रचनेतून निघालं.

१९०८ च्या जानेवारीपासून ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ दर पंधरवड्याला एक असं भागाभागानं छापून येऊ लागलं. बेडन-पॉवेल यांना नवी संघटना काढायची नव्हती. ग्लासगोला १८८३ मध्ये सुरू झालेली बॉईज ब्रिगेड किंवा वायएमसीए अशा संस्थांनी आपल्या मुलांसाठी ही पद्धत वापरावी, इतकीच त्यांची अपेक्षा होती. घडलं वेगळंच. गल्लीगल्लीतल्या मुलांनी पुस्तिका वाचल्या, काठ्या आणि रुमाल जमवले, स्वतःच संघ केले आणि मग आपल्याला कुणीतरी मोठं माणूस हवं म्हणून शोधायला निघाली. कुठं चर्चचा तरुण पाद्री सापडला, कुठं कारकून, कुठं शिक्षक. ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. स्काऊटमास्तर मुलांच्या मागणीतून आला. त्याला वरून कुणी पाठवलं नव्हतं. मुलीही त्याच वेगानं आल्या. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यात त्या आपणहून गणवेश घालून हजर झाल्या. पुढच्याच वर्षी बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस यांच्या पुढाकारानं गर्ल गाईड्सची वेगळी संघटना उभी राहिली.

पहिल्या महायुद्धानं या व्यवस्थेची परीक्षा घेतली. तरुण स्काऊटमास्तर आघाडीवर गेले आणि कितीतरी पथकं संघनायकांनीच चालवली. १९१६ मध्ये लहान मुलांसाठी कब विभाग सुरू झाला, तेव्हा कबमास्टर म्हणून बायका पुढं आल्या. त्यांतल्या व्हेरा बार्कले यांचा तो विभाग घडवण्यात मोठा वाटा होता. (अमेरिकेत मात्र बाईंना अधिकृतपणे स्काऊटमास्तर व्हायला १९८८ साल उजाडलं.)

युद्ध संपताच प्रश्न आला की या हौशी माणसांना शिकवायचं कसं. स्कॉटलंडमधले एक स्काऊट आयुक्त विल्यम द बोइस मॅक्लारेन यांनी दिलेल्या पैशातून लंडनजवळची गिलवेल पार्क ही जागा घेतली गेली आणि १९१९ च्या सप्टेंबरमध्ये तिथं पहिला प्रशिक्षण वर्ग भरला. वर्ग म्हटलं तरी बाकं आणि फळा नव्हता. आलेल्या प्रौढांचे संघ पाडले, त्यांना तंबूत ठेवलं, स्वयंपाक त्यांनाच करायला लावला. मुलांकडून जे करून घ्यायचं, ते आधी मुलांसारखं राहून करायचं. बेडन-पॉवेल यांचं म्हणणं असं की स्काऊटमास्तर हा मास्तरही नको, कवायतीचा हवालदारही नको आणि प्रवचनकारही नको. मुलांच्या मनात शिरू शकणारा थोरला भाऊ हवा. वर्ग पूर्ण करणाऱ्याला चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी मिळत. पहिले मणी बेडन-पॉवेल यांच्याजवळच्या एका झुलू माळेतले होते. ती माळ झुलू राजा दिनुझुलूची असं सांगितलं जातं. हाच वुड बॅज. आपल्याकडे तो ‘हिमालय वुड बॅज’ या नावानं दिला जातो आणि महाराष्ट्रातल्या जिल्हा मेळाव्यात तो गळ्यात असलेले शिक्षक-शिक्षिका आजही ओळखू येतात.

भारतात स्काऊटिंग १९०९ मध्ये बंगळूरला कॅप्टन टी. एच. बेकर यांनी आणलं. पाठोपाठ पुणे, खडकी, मुंबई, जबलपूर, मद्रास इथं पथकं निघाली. दोन वर्षांत, म्हणजे १९११ मध्ये, जबलपूरला गाईड्सही सुरू झाल्या. पण ही सगळी पथकं युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांची होती. भारतीय मुलांना टेहळणी, खाणाखुणा, नकाशे शिकवले तर उद्या तीच मुलं क्रांतिकारकांना जाऊन मिळतील, ही भीती सरकारच्या मनात होती. म्हणून ज्यांनी भारतीय मुलांसाठी हे काम हाती घेतलं, त्यांतले बरेच जण परवानगीची वाट न पाहता आपणहून उतरलेले लोक होते.

त्यांत आपल्या जवळचं नाव नागपूरच्या व्हिव्हियन बोस यांचं. पुढे ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. न्यायालयाचा व्याप सांभाळून त्यांनी मध्यप्रांतात बालवीर, म्हणजे स्काऊट, चळवळीचं काम कित्येक वर्षं मानद म्हणून केलं. जागतिक स्काऊट संघटनेचा ब्राँझ वुल्फ हा सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला. मद्रासकडे ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी १९१६-१७ च्या सुमारास स्वतंत्र भारतीय बालवीर संघटना काढली. होमरूलच्या चळवळीमुळे १९१७ मध्ये सरकारनं या दोघांनाही नजरकैदेत ठेवलं होतं, हे लक्षात घेतलं की मुलांना गाठी आणि प्रथमोपचार शिकवण्याला त्या काळात केवढा राजकीय अर्थ होता ते कळतं.

उत्तरेत अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट शाखा उभी केली. यात्रेतल्या गर्दीला वाट काढून देणं, हरवलेल्यांना घरच्यांपर्यंत पोचवणं, साथीच्या रोगांत मदत करणं ही या मुलांची कामं. कुंझरू आणि बाजपेयी हे दोघंही पुण्याच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे सदस्य होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये ती स्थापली, तेव्हा सदस्यानं जेमतेम निर्वाहापुरतं घ्यावं आणि सारं आयुष्य देशसेवेला द्यावं, अशी शपथ घातली होती. मला वाटतं, भारतीय स्काऊटमास्तराचं दुसरं मूळ इथं आहे. गिलवेलनं त्याला पद्धत दिली. कुणी न बोलावता सेवेला उभं राहण्याची वृत्ती मात्र त्याच्याकडे गोखल्यांच्या परंपरेतून आली. आपण पहिल्या मुळाबद्दल प्रशिक्षणात ऐकतो, दुसऱ्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. पुण्यात तर ते आवर्जून घ्यायला हवं.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि बेझंटबाईंची संघटना त्यांच्या मुख्य स्काऊट संघटनेत विलीन झाली. सेवा समिती बाहेरच राहिली. मुलांनी राजनिष्ठेचं वचन घ्यावं, हे तिला मान्य होणं शक्य नव्हतं. १९३७ मध्ये दिल्लीच्या जांबोरीसाठी, म्हणजे स्काऊटांच्या मोठ्या मेळाव्यासाठी, बेडन-पॉवेल पुन्हा आले. त्या काळात भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्यांनी केलेल्या विधानांमुळे संताप उसळला, अनेक जण बाहेर पडले आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. एकाच शहरात दोन झेंड्यांखाली दोन पथकं, असं चित्र स्वातंत्र्यापर्यंत टिकलं. अखेर मौलाना आझाद, कुंझरू, मंगलदास पक्वासा यांच्या प्रयत्नांतून ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना जन्मली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड्सही तीत आल्या. पथकं चालवणाऱ्या नेत्यांच्या प्रशिक्षणासाठी पचमढीला राष्ट्रीय केंद्र झालं. महाराष्ट्राच्या राज्य संस्थेचा दादरचा शिवाजी पार्कजवळचा स्काऊट हॉल मुंबईकरांना ठाऊक आहेच.

इथून पुढे स्वयंसेवक शिक्षकात सामावला. याला कारणं होती आणि ती चुकीची नव्हती. नव्या देशात चळवळ खेड्यापर्यंत न्यायची तर मैदान, मुलं आणि शिकलेलं मोठं माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र मिळण्याची जागा एकच होती: शाळा. शिक्षण खातं सोबत आलं. आजही जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी हाच बहुधा स्काऊट संस्थेचा जिल्हा आयुक्तही असतो. शाळेबाहेरची खुली पथकं काढायची मुभा होती, आजही आहे. पण वस्तीत जागा कोण देणार, संध्याकाळ मोकळी कुणाची, हे प्रश्न सुटत नाहीत. रेल्वे वसाहती हा त्याला चांगला अपवाद. रेल्वेला संघटनेत राज्याचा दर्जा आहे, आणि भुसावळ, सोलापूर अशा विभागांत ड्यूटी संपवून मुलांना घेऊन बसणारे रेल्वे कर्मचारी नेते म्हणून काम करतात.

शाळेमुळे पसारा वाढला यात शंका नाही. लहान मुलामुलींचे कब-बुलबुल, मग स्काऊट-गाईड, तरुणांचे रोव्हर-रेंजर ही नावं तालुक्याच्या गावांतही माहीत झाली. बिनभांड्याचा स्वयंपाक, शेकोटी, खरी कमाई या गोष्टी मराठी शाळेच्या आठवणींचा भाग झाल्या. प्रवेशापासून प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, म्हणजे पायऱ्या, चढत मूल राज्य पुरस्कारापर्यंत आणि मग राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत जाऊ लागलं. पण त्याबरोबर दहावीच्या सवलतीच्या गुणांचे प्रस्तावही आले, नोंदवह्या आल्या, आणि स्काऊटमास्तराचा बराच वेळ कागदांत जाऊ लागला. खरी कमाई म्हणजे मुलानं शेजाऱ्याचं अंगण झाडून, सायकल पुसून चार पैसे मिळवणं. अनेक शाळांत आता तो दिवस खाद्यपदार्थांच्या दुकानांचा होतो आणि पदार्थ आई करून देते. संघनायकाचं कामही बऱ्याच ठिकाणी संचलनात पुढे चालण्याइतकंच उरतं. वर्गात शिस्त लावणारी व्यक्ती त्याच दुपारी थोरला भाऊ किंवा ताई कशी होणार, हा पेच या व्यवस्थेत मुळातच आहे. तरीही सात दिवसांच्या बेसिक कोर्सला नाखुशीनं गेलेले शिक्षक तिथं तंबूत राहून, चूल पेटवून, गाणी म्हणून परततात आणि पुढं आपणहून ॲडव्हान्स कोर्स आणि हिमालय वुड बॅजपर्यंत जातात, असंही पुष्कळदा घडतं. नेमणुकीतून आलेला माणूस मनानं स्वयंसेवक होऊ शकतो. त्यासाठी त्याला कागदांतून सोडवून मुलांबरोबर उघड्यावर जाऊ देणं एवढं तरी शाळेनं करायला हवं.

या इतिहासाची एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. मुलांच्या सहवासात बिनपगारी काम करणाऱ्या माणसावर समाज सहज विश्वास टाकतो, आणि त्याचा गैरफायदाही घेतला गेला. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्सनं २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तो लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे. ८० हजारांहून अधिक लोकांनी आपल्यावर लहानपणी अत्याचार झाल्याचे दावे दाखल केले आणि भरपाईसाठी सुमारे २४६ कोटी डॉलरचा निधी ठरला. जागतिक संघटनेनं २०१७ मध्ये मुलांच्या सुरक्षिततेचं धोरण सर्व सदस्य देशांसाठी मंजूर केलं. आपल्याकडे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा शिबिरालाही लागू आहेच. या सगळ्यातून जगभर रुळलेला मूळ नियम साधा आहे: कोणत्याही मोठ्या माणसानं एका मुलाबरोबर एकांतात राहायचं नाही, आणि प्रत्येक शिबिराला, प्रत्येक कूचला किमान दोन जबाबदार प्रौढ हवेत.

हा नियम पाळायचा तर एका शिक्षकाच्या जिवावर पथक चालूच शकत नाही. दुसरं माणूस लागतं आणि ते शिक्षकच असावं असं काही नाही. डोंगर हिंडणारी एखाद्या मुलाची आई, प्रथमोपचार जाणणारे निवृत्त परिचारक, पूर्वी स्वतः राज्य पुरस्कार मिळवलेला गावातला तरुण, हे सगळे जिल्हा संस्थेकडे नाव देऊन, बेसिक कोर्स करून पथकाला जोडले जाऊ शकतात. शाळांनी त्यांना विचारायला हवं. आणि कुणी विचारलं नाही तर त्यांनी स्वतः जाऊन सांगावं.