फिस्टुलाचं इंजेक्शन आलं कुठून?

नौपाड्यातल्या आमच्या औषधाच्या दुकानात अधूनमधून कुणीतरी थर्माकोलचा डबा घेऊन ऑक्ट्रिओटाइडची अँप्यूल न्यायला येतं. घरच्या माणसाचं पोटाचं ऑपरेशन झालेलं असतं, आतड्याचा जोड सुटलेला असतो आणि जखमेतून हिरवट-पिवळं पाणी झिरपत असतं. त्यातल्या पाचकरसांनी भोवतालची कातडी अक्षरशः सोलवटते. आतड्यातून बाहेर कातडीपर्यंत पडलेली ही वाट म्हणजे फिस्टुला. (फिस्टुला म्हटलं की आपल्याला भगंदर आठवतं, हा त्याहून वेगळा.) प्रश्न ठरलेला: "यानं भोक बुजेल ना?"

1960 साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या सर्जननी अशा 157 रुग्णांचा हिशेब मांडला. सुमारे 43 टक्के दगावले होते. शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जाणं, उपासमार आणि पू, ही मारेकरी त्रयी तेव्हाच कळली. पुढे द्रव-क्षारांची भरपाई, पुवाचा निचरा, प्रतिजैविकं आणि 1968 मध्ये अमेरिकी सर्जन डड्रिक यांनी दाखवून दिलेलं शिरेतून पूर्ण पोषण यांनी चित्र पालटलं. माझ्या मते खरी कलाटणी हीच. औषध नंतर आलं, तेही आडवाटेनं.

1973 मध्ये शास्त्रज्ञ गीयमँ यांच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या मेंदूतून सोमॅटोस्टॅटिन सापडलं. शोध चालला होता वाढीच्या हार्मोनला चालना देणाऱ्या घटकाचा; हाती लागला त्याला लगाम घालणारा. हाच रेणू जठर, स्वादुपिंड आणि आतड्याचे स्रावही कमी करतो, असं पुढे दिसलं. पण रक्तात तो दोन-तीन मिनिटांत निम्मा होतो, म्हणून सतत ड्रिप लावावी लागे. सँडोझ या स्विस औषध कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी 14 अमिनो आम्लांच्या साखळीऐवजी 8 ची साखळी बनवली. तेच ऑक्ट्रिओटाइड. ते सुमारे दीड तास टिकतं, म्हणून कातडीखाली दिवसातून तीनदा टोचून भागतं.

मात्र ते भोक बुजवत नाही, गळती कमी करतं. चाचण्यांमध्ये स्राव घटल्याचं आणि काही रुग्णांत फिस्टुला लवकर मिटल्याचं दिसलं. मृत्यू कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. फिस्टुलाच्या पुढच्या आतड्यात अडथळा असेल किंवा आत पू साठला असेल, तर निव्वळ इंजेक्शनं देत राहून काही साधत नाही.

परवा आलेल्या एका सूनबाईंच्या वहीत पिशवीचं रोजचं माप होतं: 700, 620, 450. दिवसाला 500 मिलीच्या वर गेलं की ती मोठी गळती. डॉक्टरांना दाखवायला ती वही जपून ठेवा, असं मी त्यांना सांगितलं.