युद्धजखमेनंतरची सैन्यसेवा (भारतीय भूदल)

लढाईत गंभीर जायबंदी झालेला सैनिक वर्दीत राहणार की नाही, हे वैद्यकीय मंडळ आणि रिकामे पद या दोन गोष्टींवर ठरते. बोलीत 'बोर्ड बसणे' (मंडळाकडून तपासणी होणे) आणि 'बोर्ड आऊट होणे' (अयोग्य ठरून सेवेबाहेर जाणे) हे शब्द याच टप्प्याचे.

मंडळ 'शेप' पद्धतीने प्रत देते. एस म्हणजे मानसिक स्थिती, एच श्रवण, ए हातपाय, पी शारीरिक क्षमता आणि ई दृष्टी. प्रत्येक घटकाला 1 ते 5 अशी प्रत मिळते. 1 म्हणजे सर्व कामांस योग्य, 5 म्हणजे सेवेस अयोग्य. सुरुवातीची प्रत तात्पुरती असते व तिचा फेरविचार जास्तीत जास्त 24 आठवड्यांनी होतो. स्थायी प्रतीची तपासणी साधारणपणे दर दोन वर्षांनी होते. प्रतीला बंधनेही जोडलेली असतात: हवामान व भूप्रदेश, वैद्यकीय देखरेख, शारीरिक कामाची मर्यादा. जवानाला उंचावर पाठवायचे का, वजन उचलायला लावायचे का, हे त्यांतून कळते.

पाय गेलेल्या जवानाचे पुढचे बरेच काही विच्छेद कुठे झाला यावर अवलंबून असते. गुडघा वाचला तर चालणे, चढणे व पुन्हा मैदानी काम करणे शक्य होते. मांडीतून पाय कापावा लागला तर चालायला कितीतरी जास्त शक्ती खर्च होते. सुरुंगाचा स्फोट माती, कापड आणि धातूचे तुकडे स्नायूंत खोलवर घुसवतो. म्हणून अशी जखम लगेच शिवत नाहीत. मेलेले ऊतक काढून ती उघडी ठेवतात, चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहतात आणि स्वच्छ असेल तरच बंद करतात. घाईने शिवली तर आत पू होतो आणि पाय आणखी वरून कापावा लागतो.

कृत्रिम अवयवाचे काम 1944 पासून पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात होते. कापलेल्या पायाचा उरलेला भाग पहिले काही महिने आटत राहतो. सॉकेट, म्हणजे तो भाग ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा साचा, सैल पडते, घासते आणि फोड येतात. त्यावर उपाय म्हणजे उरलेल्या भागावरचे मोजे वाढवणे, तरीही जमले नाही तर सॉकेट नव्याने बनवणे. फोड दुर्लक्षून परेडला उभा राहणारा जवान आठवडाभर कृत्रिम पाय चढवू शकत नाही. हाडाची अनावश्यक वाढ, कापलेल्या मज्जातंतूची गाठ आणि नसलेल्या पायाच्या वेदना यांचाही त्रास होतो. मज्जारज्जूच्या दुखापतींसाठी खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे.

अधिकाऱ्याचा मार्ग कठीण असला तरी मोकळा राहू शकतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे विजय ओबेरॉय 1965 च्या युद्धात पाय गमावूनही पुढे लष्कराचे उपप्रमुख झाले. 1971 मध्ये सिल्हेटच्या लढाईत सुरुंगावर पाय पडल्यावर इयान कार्डोझो यांनी स्वतःच्या खुकरीने पाय कापून टाकला. पुढे पायदळाच्या पलटणीचे नेतृत्व करणारे ते पहिले अपंग अधिकारी ठरले. पंकज जोशी यांनी सुरुंगस्फोटात दोन्ही पाय गमावले आणि ते लेफ्टनंट जनरल पदापर्यंत पोहोचले. मात्र ही नावे अधिकाऱ्यांची आहेत, हे विसरता येत नाही.

जवानासाठी 'शेल्टर्ड अपॉइंटमेंट' लागते: स्टोअर, कार्यालय, प्रशिक्षण केंद्र अशा ठिकाणची, प्रतीला झेपणारी जागा. तशी जागा नसेल तर जवानाला सेवामुक्त केले जाऊ शकते. पण सेवामुक्तीसाठी वैद्यकीय मंडळाची प्रक्रिया आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये स्पष्ट केले आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक कागदाची असते. घटनेची नोंद 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतील हानी) म्हणून झाली नाही, तर वर्षांनंतर युद्धजखम निवृत्तिवेतन अडते. घटना घडल्यावरच युनिटचा अहवाल व रुग्णालयाच्या कागदांची प्रत घ्यावी. सेवेत ठेवले गेल्यास निवृत्तिवेतनातील युद्धजखमेच्या हिश्शाऐवजी एकरकमी भरपाई घेण्याचा पर्याय मिळतो. ती रक्कम उचलली की तो हिस्सा पुढे मिळत नाही, त्यामुळे सेवेची उरलेली वर्षे आणि दोन्ही आकडे मांडून पाहिल्याशिवाय सही करू नये.