स्वभावाचा आकडा किती जणांच्या हाती द्यावा?

व्यक्तिमत्त्व चाचणी आता मोबाइलवर अर्ध्या तासात उरकते. त्यामुळे ती पुण्या-मुंबईच्या कंपन्यांपुरती राहिलेली नाही. दारव्हा, मंगरुळपीर, आर्वी अशा तालुक्याच्या गावातली पतसंस्था, जिनिंग किंवा शेतकरी उत्पादक कंपनीही ती सहज घेऊ शकते. समजा, बाहेरून प्रशिक्षक आले, दिवसभराचे प्रशिक्षण झाले, चाचणी झाली आणि संध्याकाळी पंधरा-वीस जणांचे निकाल एका एक्सेल शीटमध्ये जमा झाले. ही शीट आता कुणाकुणाला दाखवायची? व्यवस्थापकाला, संचालक मंडळाला, की सगळ्या स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची? "आपलीच माणसं आहेत, लपवायचं काय त्यात?" असे कुणीतरी म्हणतेच. याचे उत्तर देण्याआधी तो आकडा तयार कसा होतो आणि किती भार पेलू शकतो, हे पाहायला हवे.

स्वभाव मोजण्याचा प्रयत्न जुना आहे. १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचे वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द वेगळे काढले. पुढच्या काही दशकांत अशा शब्दांची संख्याशास्त्राने गाळणी होत होत पाच मोठे गुणधर्म उरले: नव्याचे कुतूहल, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मिळतेजुळते घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. आजच्या बऱ्याच गंभीर चाचण्या या पाचांवर उभ्या आहेत. त्यांचा उपयोग नाही असे मुळीच नाही. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा कर्तव्यदक्षतेचा कामगिरीशी संबंध सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांत आढळला. हा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध) मात्र साधारण ०.२ च्या घरातला आहे. दोन माणसांच्या कामात जो फरक दिसतो, त्यातला चार-पाच टक्के भाग या आकड्यातून उलगडतो. उरलेला पंच्याण्णव टक्के पगार, साहेब, घरची परिस्थिती, अनुभव अशा इतर गोष्टींत असतो.

आता गुणांत किती चूक असू शकते, त्या पल्ल्याचा हिशेब करून बघू. अनेक चाचण्यांत गुण असे बसवतात की सरासरी ५० यावी आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप, १० असावे. चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे तिच्या गुणांवर किती भरवसा ठेवता येतो याचे शून्य ते एक असे माप, ०.८० धरू, ही चांगली समजली जाते. एकातून ०.८० वजा केले की ०.२० उरतात, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.४५, त्याला १० ने गुणले की साडेचार. ही झाली एका गुणामागची प्रमाण त्रुटी. पंच्याण्णव टक्के खात्रीने बोलायचे तर दोन्ही बाजूंना जवळपास ९ गुण सोडावे लागतात. म्हणजे वजनकाट्यावरच्या माणसाला कर्तव्यदक्षतेत ४४ मिळाले, तर त्याची खरी जागा ३५ ते ५३ यांच्यात कुठेही असू शकते. त्याच्या शेजारच्या दिवाणजींना ५४ मिळाले असतील, तरी दिवाणजी जास्त कर्तव्यदक्ष आहेत असे खात्रीने म्हणता येत नाही, कारण दोघांच्या गुणांत बारा-साडेबाराच्या वर अंतर असल्याशिवाय तसा दावा टिकत नाही. शीटवर मात्र ४४ च्या घरात लाल रंग भरलेला असतो आणि ५४ च्या घरात हिरवा.

शीट जसजशी पुढे जाते, तसतसा हा ९ गुणांचा पल्ला गळत जातो. मानसशास्त्र शिकलेल्या माणसाला तो ठाऊक असतो, व्यवस्थापकाला एकदा सांगितलेला असतो, संचालकांपर्यंत फक्त रंग पोचतो आणि गोदामापर्यंत पोचते ते एकच वाक्य: "त्याचं काम ढिलं निघालं म्हणे." कापसाच्या ओलाव्याचे यंत्र आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. सरकारी खरेदीत ८ ते १२ टक्क्यांची मर्यादा असते, पण दहिवर पडलेल्या सकाळी भरलेली गाडी आणि दुपारच्या उन्हात उभी राहिलेली गाडी वेगवेगळा आकडा दाखवते. तो आकडा त्या दिवशीच्या त्या गाडीपुरता धरतात. त्यावरून शेतकऱ्याच्या नावापुढे कायमचा "ओला" असा शिक्का कुणी मारत नाही. माणसाच्या स्वभावाचा आकडा याहून जास्त हलतो, आणि तरीही शिक्का त्याच्याच वाट्याला येतो.

शिक्का बसला की पुढे काय होते, याचा एक सुरेख प्रयोग मार्क स्नायडर आणि विल्यम स्वान यांनी १९७८ मध्ये केला. अनोळखी माणसाशी बोलून तो बहिर्मुख आहे का ते तपासा, असे काहींना सांगितले. काहींना अंतर्मुख आहे का ते तपासायला सांगितले. पहिल्या गटाने प्रश्नच असे निवडले की समोरच्याला मोकळेढाकळे उत्तर देणे भाग पडावे, आणि दुसऱ्या गटाने त्याच्या उलट. ज्याला बहिर्मुखपणाचे प्रश्न विचारले गेले, तो नंतर ध्वनिफीत ऐकणाऱ्यांनाही खरोखर जास्त बहिर्मुख वाटला. म्हणजे समजूत आधी आली आणि पुरावा तिच्या मागून तयार झाला. अकरा जणांच्या कार्यालयात सगळ्यांनी सगळ्यांचे निकाल वाचले, तर हा प्रयोग रोज, दिवसभर चालू राहतो.

आपल्या भागासाठी आणखी एक अडचण आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हे पाच गुणधर्म मुख्यतः शिकलेल्या, शहरी, पाश्चात्त्य लोकांच्या उत्तरांतून सापडलेले आहेत. बोलिव्हियातल्या त्सिमाने या शेती आणि शिकार करणाऱ्या समाजात मायकेल गर्वेन आणि सहकाऱ्यांनी तपासले, तेव्हा तिथे पाचांची रचना नीट उमटलीच नाही. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये २३ अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या ९४ हजारांवर लोकांच्या समोरासमोर घेतलेल्या उत्तरांचे विश्लेषण छापून आले. तिथेही प्रश्नांचे अपेक्षित गट जुळले नाहीत. त्यामागचे एक कारण कुणीही गावात बसल्या बसल्या पाहू शकतो. समोर खुर्चीवर बाहेरून आलेले साहेब बसलेले असतात, हातात टॅब असतो. "तुम्ही लोकांत मिसळता का?" "हो जी." पुढे पाच प्रश्नांनंतर, "तुम्हाला एकटं राहायला आवडतं का?" "हो जी." मान राखायचा म्हणून दिलेला होकार गुणांत जाऊन बसतो आणि बाहेर येताना स्वभाव म्हणून येतो.

तरीही निकाल दाखवण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. फील्डवरच्या मुलीला अनोळखी गावात सभा घेण्याचे दडपण येते हे पर्यवेक्षकाला कळले, तर पहिल्या दोन सभांना तो तिच्या सोबत जाईल. सहकाऱ्यांना एकमेकांची पद्धत समजली तर खटके कमी उडतील. हे फायदे खरे आहेत. पण दोन्हींसाठी ४४ किंवा ५४ हा आकडा लागतच नाही. तिने स्वतः तोंडाने सांगितले तरी पुरते, आणि किती सांगायचे हे तिच्या हाती राहते.

हेलन निसेनबॉम या अभ्यासक खासगीपणाविषयी एक उपयोगी विचार मांडतात. माहिती लपलेली आहे की उघड, एवढ्यावर त्यांचे समाधान नाही. ती ज्या नात्यात दिली गेली, त्या नात्याच्या नियमाने पुढे गेली का, हे त्या पाहतात. डॉक्टरला सांगितलेले डॉक्टरकडे, बँकेला सांगितलेले बँकेकडे. मोठ्या शहरात ही नाती बरीचशी वेगळी राहतात. पाच हजार वस्तीच्या गावात ती एकाच माणसात एकवटतात. पतसंस्थेचे संचालक कर्ज मंजूर करतात, तेच नात्यातले असतात, तेच ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत विरुद्ध पॅनलमध्ये उभे राहतात आणि सोयरीक जमवताना "पोरगी कशी आहे?" हेही त्यांनाच विचारले जाते. कामासाठी घेतलेला "भावनिक अस्थिरता: जास्त" हा निकाल तिथे सहा महिन्यांत पाहुण्यांच्या बैठकीत पोचू शकतो. म्हणून शहरातल्या कंपनीपेक्षा गावातल्या संस्थेने वर्तुळ लहान ठेवले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. घरोबा जास्त असलेल्या ठिकाणी धोकाही जास्त असतो.

नावे काढून फक्त सरासरी लावली तर? हा उपाय सुचतो तेवढा सुरक्षित नाही. फील्डवर पाच जण आहेत, त्यांच्या अस्थिरतेच्या गुणांची सरासरी ५२ अशी फळ्यावर लावली. पुढच्या महिन्यात सहावा माणूस रुजू झाला आणि सरासरी ५४ झाली. सहा गुणिले ५४ म्हणजे ३२४, पाच गुणिले ५२ म्हणजे २६०. वजाबाकी केली की ६४. नव्या माणसाचा निकाल त्याचे नाव न लिहिता जाहीर झाला. लहान गटात सरासरी कुणाला झाकत नाही, आणि आपल्या बहुतेक संस्थांचा स्टाफ लहानच असतो.

शिवाय निकाल सगळ्यांना दिसणार आहे हे कळले की माणूस उत्तरे बदलतो. या चाचण्यांत हवे तसे उत्तर देऊन गुण वाढवता येतात, हे संशोधनात वारंवार दिसले आहे. म्हणजे निकाल जितका दूर पोचणार, तितका तो खोटा होत जाणार.

कायद्यापुढे हा प्रश्न आधीच आलेला आहे. अमेरिकेत डेट्रॉइट एडिसन या वीज कंपनीकडे कामगार संघटनेने मानसशास्त्रीय चाचणीचे गुण मागितले. कंपनीने चाचणी देणाऱ्यांना गुप्ततेचे वचन दिलेले होते. १९७९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या संमतीशिवाय त्याचे गुण संघटनेलाही देण्याची सक्ती करता येणार नाही, असा निकाल दिला. ही कामगारांच्याच हिताची संघटना होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा झाला. तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. संमती मुक्त, नेमकी आणि माहिती देऊन घेतलेली हवी, आणि ती मागण्याचा मजकूर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही वाचायला मिळाला पाहिजे, असे हा कायदा सांगतो. नोकरीच्या कारणासाठी मालकाला काही माहिती संमतीविना वापरण्याची मोकळीकही त्यात आहे. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकाल टाकणे या मोकळिकीत बसेल असे मला वाटत नाही. मुळात कागदावरच राहिलेली नोंद या कायद्याच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे कपाटातल्या फाइलची जबाबदारी संस्थेने आपणहून घ्यायला हवी.

माझ्या हाती असते तर निकाल आधी फक्त ज्याचा त्याला, समजावून सांगणाऱ्या माणसासोबत, पल्ल्यासकट दिला असता. पर्यवेक्षकाला आकडा न देता, त्या कर्मचाऱ्याने मान्य केलेल्या दोन-तीन ओळी दिल्या असत्या. संचालक मंडळाला चाचणी झाली आणि प्रशिक्षणात काय बदलायचे ठरले, एवढेच. भावनिक अस्थिरतेचा भाग तर दुसऱ्या कुणालाच नाही. तो आरोग्याच्या इतका जवळ आहे की त्याला दवाखान्यातल्या कागदासारखेच सांभाळावे. आणि मूळ शीट कार्यालयातल्या त्या एकुलत्या एका संगणकावर ठेवू नये, जिथे पासवर्डची चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटवलेली असते आणि सातबारा काढायला आलेल्या कुणाचे तरी व्हॉट्सअ‍ॅप वेब चालूच राहिलेले असते. ज्या कामासाठी चाचणी घेतली ते संपले की शीट पुसावी, आणि प्रशिक्षकाच्या लॅपटॉपवरची प्रतही पुसल्याचे त्याच्याकडून लेखी घ्यावे.